पुसून गेलेली ५८६ वी ओळ

‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’. लहानपणी दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हटलेल्या माणसाला ही ओळ अर्थाच्या आधी चालीने पाठ झालेली असते. मांडीवर बोटाने ठेका धरून म्हणून पाहा : लगागा, लगागा, लगागा, लगागा. एक आखूड पाऊल, मग दोन लांब, असे चार वेळा. बारा अक्षरांचे हे वृत्त म्हणजे भुजंगप्रयात, सापाच्या चालीचे. समर्थ रामदासांमुळे ते मराठी घराघरांत पोचले. पण अशा चालींचे गणित संस्कृतात त्यांच्याआधी कितीतरी शतके मांडून झाले होते.

त्या गणिताची सुरुवात कानापासून होते. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ स्वराचे अक्षर गुरु, त्याच्या दोन. ‘सर्वां’मधला ‘स’ ऱ्हस्व असला तरी पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो, म्हणून तोही गुरु. तीन अक्षरांचा गण होतो आणि गण आठच असतात. शाळेत पाठ केलेल्या ‘यमाताराजभानसलगं’मध्ये ते आठही बसवलेले आहेत : ज्या गणाचे नाव, त्या अक्षरापासून तीन अक्षरे उचला. ‘यमाता’ म्हणजे लघु-गुरु-गुरु, हाच य गण. भुजंगप्रयातात तोच चार वेळा येतो.

गण आठच का? तीन जागा आणि प्रत्येक जागेला दोन पर्याय, म्हणून. हे मोजण्याची पद्धत पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. या ग्रंथाचा काळ सामान्यतः इसवीसनापूर्वीचे तिसरे-दुसरे शतक मानतात. लघु-गुरूंच्या सगळ्या शक्य रचना ठरावीक क्रमाने एकाखाली एक लिहायच्या, त्या मांडणीला ‘प्रस्तार’ म्हणतात. बारा अक्षरांच्या प्रस्तारात ४,०९६ ओळी होतात. ही संख्या काढायला दोनाला बारा वेळा गुणत बसायचे नाही, हेही पिंगल सांगतो. बाराचे निम्मे सहा, सहाचे तीन. तीन विषम, म्हणून एक वजा करून दोन. दोनाचे निम्मे एक, त्यातून एक वजा केला की संपले. आता याच पायऱ्या उलट चढायच्या. आरंभी एक घ्यायचा, जिथे वजाबाकी केली तिथे दुप्पट आणि जिथे निम्मे केले तिथे वर्ग : २, ४, ८, ६४, ४०९६. पाच पायऱ्यांत काम झाले. वजाबाकीच्या पायरीची खूण म्हणून पिंगल ‘शून्य’ हा शब्द वापरतो, आणि ते सूत्र वाचताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

पण मला सर्वांत मोहवते ते ‘नष्ट’. नष्ट म्हणजे प्रस्तारातली हरवलेली ओळ. तिचा फक्त क्रमांक माहीत आहे, तर ती परत कशी मिळवायची? पिंगलाची दोन चिमुकली सूत्रे आहेत : ‘लर्धे’ आणि ‘सैके ग्’. संख्या सम असेल तर निम्मी करा आणि लघु लिहा. विषम असेल तर एक मिळवून निम्मी करा आणि गुरु लिहा. बस्स. बाकीच्या हजारो ओळी लिहायची गरजच नाही.

आज आपण याला द्विमान पद्धतीचा विचार म्हणतो. पिंगल संख्या शून्य-एकात लिहीत नव्हता, एवढे भान ठेवायला हवे. पण प्रत्येक रचनेला एकच क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाला एकच रचना, ही जोडणी त्याने पक्की केली होती. संगणक मजकूर साठवतो तेव्हा त्याच्या मुळाशी अशीच जोडणी असते. पिंगलाला ती कवितेच्या लयीत सापडली.

आता बारा अक्षरांच्या प्रस्तारातली ५८६ वी ओळ पुसून गेली आहे असे समजा. ५८६ सम, म्हणून लघु, उरले २९३. ते विषम, गुरु, १४७. पुन्हा गुरु, ७४. लघु, ३७. गुरु, १९. गुरु, १०. लघु; ५. गुरु, ३. गुरु, २. लघु, १. आता एकात एक मिळवून निम्मे केले तरी एकच उरतो, म्हणून शेवटची दोन्ही अक्षरे गुरु. लिहिलेले सलग वाचा :

लगागा लगागा लगागा लगागा.