डोनेपेझिल की मेमॅन्टिन?

दवा बाजारातून आणलेल्या पिशवीत या दोन गोळ्या शेजारी शेजारी असतात आणि घरात दोघींनाही ‘आजोबांची स्मृतीची गोळी’ म्हणतात. मग रामबागेतल्या मामी विचारतात, ‘आमच्या सासऱ्यांना मेमॅन्टिन मानवली, तुम्ही डोनेपेझिल कशाला देताय?’ इंदूरच्या मराठी घरांत निम्मे उपचार असे नात्यागोत्यातच ठरतात.

गोळ्या वेगळ्या आहेत. अल्झायमरमध्ये मेंदूतलं, आठवणीसाठी लागणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलिन कमी पडतं. उरलेलं लवकर नष्ट होऊ नये, एवढं डोनेपेझिल बघते. ती सुरुवातीच्या टप्प्यापासून देतात: रोज ५ मिलिग्रॅम, चार ते सहा आठवड्यांनी सोसत असेल तर १०. मेमॅन्टिन ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचा अतिरेकी मारा अडवते आणि मध्यम किंवा पुढच्या टप्प्यासाठी असते. ५ पासून दर आठवड्याला वाढवत २० पर्यंत नेतात. आजार थांबवणारी दोन्हींपैकी एकही नाही. काही महिने घसरण मंद वाटली, आजोबा आंघोळीला कटकट न करता गेले, तरी गोळी लागू पडली म्हणायचं.

निवड बरेचदा शरीर करतं. डोनेपेझिलने मळमळ, जुलाब होतात, भूक मरते, नाडी मंदावते. नाडी आधीच मंद असेल, रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू असेल किंवा कधी भोवळ येऊन पडले असतील, तर आधी ईसीजी काढावा. रात्री भलतीच स्वप्नं पडू लागली तर गोळी सकाळी देता येते का, ते विचारा. मेमॅन्टिनने चक्कर, डोकेदुखी, बद्धकोष्ठ होऊ शकतो. तिथे रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) पाहायचं, कारण ती किडनीवाटे बाहेर पडते.

आता खरी मेख. डोनेपेझिलने कधी लघवीची घाई होते. घरचे म्हणतात, वय झालं. दुसरे डॉक्टर त्यावर ऑक्सिब्युटिनिन लिहितात, आणि ती अ‍ॅसिटिलकोलिनचंच काम अडवते. म्हणजे एक गोळी जे सांभाळते, ते दुसरी पाडते, आणि आजोबा आणखी गोंधळतात. म्हणून प्रत्येक डॉक्टरांकडे सगळ्या गोळ्यांची पिशवी न्यावी, साखरेच्या आणि झोपेच्या गोळ्यांसकट.

दोन्ही औषधं एकत्र असलेली गोळीही मिळते. सोयीची आहे, पण पहिल्याच दिवशी तीच सुरू करणं मला पटत नाही: उलटी झाली तर दोष कोणाचा, कळत नाही.

सुरू करताना आजोबांना स्वतःला विचारा. सुरुवातीच्या टप्प्यात त्यांना सांगता येतं. बंद करायचा विषय पुढे येतोच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात, मध्यम ते तीव्र अल्झायमर असलेल्यांपैकी डोनेपेझिल चालू ठेवलेल्यांची स्थिती बंद केलेल्यांपेक्षा बरी राहिली. त्यामुळे ‘आता काय उपयोग’ म्हणून परस्पर बंद करू नका. वजन उतरत असेल, नाडी मंदावली असेल, तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात आणि पुढचे काही आठवडे लक्ष ठेवतात. एकदम घसरण दिसली तर तीच गोळी पुन्हा सुरू करण्याचा विचार करता येतो.