नाल काढणारा आणि छतातला डोळा

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते बसतात. सालदाराचं साल याच दिवशी फिटतं, हातात हिशेबाचे पैसे असतात. बाया झोक्यावर गाणी म्हणतात, गडीमाणसं निंबाखाली झन्नामन्नाचा डाव मांडतात. त्या घोळक्यात एक जण खेळत नाही. तो डावामागे नाल काढतो, म्हणजे डाव बसवल्याबद्दल आपला वाटा उचलतो, आणि पत्ते पिसणाऱ्याच्या बोटांवरची नजर हलवत नाही. कॅसिनोतली पाळतही अशीच सुरू झाली. आधी संशय गिऱ्हाइकाइतकाच, किंबहुना जास्त, स्वतःच्या माणसावर होता.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यानं १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला. तिथल्या जुन्या कॅसिनोंत छताच्या पोकळीत अरुंद फळ्या टाकलेल्या असत. खालून पाहिलं तर नुसता आरसा, वरून मात्र टेबल आरपार दिसे. डीलरनं, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या नोकरानं, चिप (पैशाऐवजी वापरायची चकती) बाहीत सारली का, ओळखीच्याला जास्त मोजून दिलं का, हे वरचा माणूस बघे. टेबल सोडताना डीलर आजही टाळी वाजवून रिकामे तळवे दाखवतो, ते त्यासाठीच.

१९६२ मध्ये एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकानं पुस्तकच लिहिलं: ब्लॅकजॅकमध्ये पडून गेलेल्या पत्त्यांचा हिशेब ठेवला तर कॅसिनोला हरवता येतं. आता गिऱ्हाईक डाव नेमका कधी वाढवतं, हेही बघणं आलं. पुढे फळ्यांची जागा कॅमेऱ्यांनी घेतली.

मोठा डाव लावणाऱ्याची नोंद मात्र त्याला पकडण्यापेक्षा टिकवण्यासाठी जास्त होते. तो कधी बसला, चिप केवढ्याच्या घेतल्या, सरासरी डाव केवढा, कधी उठला, हे सुपरवायझर टिपतो. समजा बॅकरा या पत्त्यांच्या खेळात दर वेळी ‘बँकर’ या बाजूवर एक लाख लावले आणि तासाला ७० डाव झाले. त्या पैजेवर कॅसिनोची सरशी साधारण १.०६ टक्के, म्हणजे तासाला सुमारे ७४ हजार. आज तो जिंकून उठला तरी वहीत हाच आकडा धरतात. फुकटची खोली, जेवण, विमानाचं तिकीट याच आकड्यातून निघतं. पाहुणचार कसला, त्याचीच नाल त्यालाच थोडी परत!

या लाडापायी नजर चुकतेही. २०१२ मध्ये लंडनच्या एका कॅसिनोत फिल आयव्ही या नामांकित पोकर खेळाडूच्या सोबतिणीनं ‘शुभ’ म्हणून काही पत्ते वरचं टोक खाली करून ठेवायला सांगितले. मोठं गिऱ्हाईक, म्हणून डीलरनं ऐकलं. पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी कडेला किंचित असमान होती. चांगले पत्ते आता पाठीवरून ओळखू येत होते. आयव्ही ७७ लाख पाउंड जिंकला. नंतर चित्रण तपासल्यावर कॅसिनोनं मुद्दल परत केलं, जिंकलेले पैसे अडवले. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही ही फसवणूकच ठरवली.

महाराष्ट्रानं १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, पण तो कधी अमलात आणलाच नाही. २०२३ मध्ये रद्द केला. त्यामुळे मोठ्या डावाची हौस असलेला खानदेशी माणूस गोव्यात मांडवीतल्या बोटीवर जातो. २००९ मध्ये मनी लाँडरिंगविरोधी कायद्यात कॅसिनोही आले. तेव्हापासून तिथल्या दहा लाखांवरच्या रोख व्यवहाराची खबर दिल्लीला जाते.

इकडे मात्र १८८७ चा जुगारबंदी कायदा चालतो. छाप्यात पत्त्यांसोबत मोटारसायकलीही मुद्देमालात जातात. म्हणून निंबाखालच्या नाल काढणाऱ्याचा एक डोळा हल्ली पत्त्यांवर, दुसरा गावाच्या रस्त्यावर असतो.