स्कोअरशीट बघून रचलेले स्टंट: ऑल-स्टार चिअरमधल्या भांडणाची पार्श्वभूमी

चिअरलीडिंग म्हटलं की आपल्याकडे अजून २००८ चं आयपीएलच आठवतं, चौकार गेला की बाउंड्रीजवळच्या स्टेजवर पॉम्पॉम हलवणाऱ्या मुली. हे त्यातलं नाही. ऑल-स्टार चिअरमध्ये कोणाच्या मॅचला ओरडायचं नसतं, शाळा-कॉलेजशी काही संबंध नसतो, प्रायव्हेट जिममध्ये वर्षभर घाम गाळायचा आणि अडीच मिनिटांचं एक रूटीन घेऊन गावोगावच्या कॉम्पिटिशनला जायचं, बस. माझी भाची टेक्सासमध्ये हे करते. ती बेस आहे, म्हणजे वरच्या मुलीचा पाय जिच्या हातात असतो ती. गेल्या सीझनला फोनवर तिचं एकच पालुपद, "मावशी, सगळ्यांचे स्टंट सेमच असतात गं, नुसते ड्रेसचे रंग वेगळे." आणि निकाल लागला की दुसरं पालुपद, जजेसना दिसलं तरी काय, देव जाणे. मी जरा खोलात जाऊन वाचत गेले तर लक्षात आलं की दुसरी तक्रार फार जुनी आहे आणि तिच्यावर जे औषध दिलं त्याचा साइड इफेक्ट म्हणजे पहिली.

सुरुवात एका मुलापासून होते. २ नोव्हेंबर १८९८, मिनेसोटा युनिव्हर्सिटीची फुटबॉल मॅच, जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी पुढे येऊन पब्लिककडून घोषणा म्हणवून घ्यायला लागला, तो पहिला चिअरलीडर. पुढची पन्नास वर्षं सोडून देऊ. १९४८ मध्ये लॉरेन्स हर्किमरने एनसीए, म्हणजे नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन, काढली आणि मुलामुलींचे कॅम्प घ्यायला लागला, मग १९७४ मध्ये त्याच्याच हाताखाली काम केलेला जेफ वेब बाहेर पडला आणि त्याने यूसीए ही स्वतःची चिअर कंपनी काढली, तीच पुढे वाढत वाढत वर्सिटी नावाची बडी कंपनी झाली. वेबचं म्हणणं की नुसत्या घोषणा नकोत, कसरत पाहिजे, उचलाउचली पाहिजे, बघणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे. इथेच एक गोष्ट झाली जिचे परिणाम अजून भोगतायत: कॅम्पमध्ये स्टंट शिकवणारी कंपनी तीच, कॉम्पिटिशन भरवणारी तीच, जज बसवणारीही तीच, आणि युनिफॉर्म विकणारीही तीच.

१९८२ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये क्यू९४ रॉकर्स नावाची टीम निघाली, स्वतःला ऑल-स्टार म्हणवणारी पहिली. शाळा नाही काही नाही, फक्त स्पर्धेसाठी जमलेली पोरं. अशा टीम वाढल्या तशी शाळांच्या टीमबरोबर त्यांची सरमिसळ व्हायला लागली, म्हणून १९८७ ला एनसीएने त्यांच्यासाठी वेगळा डिव्हिजन केला. आता ज्याचं सगळं आयुष्यच जिममध्ये चाललंय त्याचे स्टंट अवघड होणारच. आधी लिबर्टी, म्हणजे फ्लायर (वर जाणारी मुलगी) बेसच्या डोक्यावर एका पायावर उभी, दुसरा गुडघा वाकवलेला. मग तोच पाय हाताने धरून कानाशी न्यायचा तो हील स्ट्रेच, पाठीमागून वर ओढला तर स्कॉर्पियन, आणि पूर्ण सरळ करून डोक्याला चिकटवला तर नीडल. मग वर जातानाच गोल फिरून जायचं, एक फेरा, दीड, दोन. मग टिक-टॉक: फ्लायर उजव्या पायावर उभी असते, बेस तिला जरा खाली घेऊन वर उडवतात, ती हवेत पाय बदलते आणि डाव्या पायावर परत त्याच हातांत उतरते. भाचीने मला सुट्टीत दिवाणावरची उशी घेऊन दाखवलं, हात छातीशी, कोपर आत, आणि पाय हातात यायच्या आधीच बोटं मिटायला सुरुवात करायची, अर्धा क्षण उशीर झाला तर टाच मनगटावर बसते. तिच्या मनगटाला कायम टेप असते ती त्यामुळेच.

उंची आणि फेरे वाढले तशा पडापडी वाढल्या. उत्तर कॅरोलायना युनिव्हर्सिटीतल्या संशोधन केंद्राने १९८२ पासून मोजदाद ठेवली, तिच्यात शाळकरी मुलींच्या खेळांतल्या सगळ्यात गंभीर इजांपैकी साधारण दोन तृतीयांश एकट्या चिअरलीडिंगच्या निघाल्या. २००६ मध्ये सेंट लुईसच्या बास्केटबॉल टुर्नामेंटमध्ये सदर्न इलिनॉय युनिव्हर्सिटीची एक मुलगी पिरॅमिडवरून लाकडी कोर्टवर पडली, मणक्याला इजा, आणि स्ट्रेचरवरून बाहेर नेताना बँड वाजला तर झोपल्या झोपल्या तिचे हात स्टेप करत होते! तो व्हिडिओ अख्ख्या अमेरिकेने टीव्हीवर बघितला. त्यानंतर कॉलेजच्या मॅचमध्ये मॅटशिवाय बास्केट टॉस (फ्लायरला हातांवरून हवेत उंच उडवणं) आणि उंच पिरॅमिड यांच्यावर बंधनं आली.

ऑल-स्टारवाल्यांनी त्याच्या आधीच, २००३ मध्ये, यूएसएएसएफ ही संघटना काढून नियम एक करायला घेतले होते. सुरुवातीचा पैसा वर्सिटीचाच होता, हे लक्षात ठेवा. लेव्हल पाडल्या गेल्या: लेव्हल १ मध्ये फ्लायर खांद्याच्या उंचीपर्यंतच, पुढच्या लेव्हलला डोक्याच्या वर पण दोन पायांवर, मग एका पायावर, असं चढत चढत. पिरॅमिड कितीही वरच्या लेव्हलचा असला तरी अडीच माणसांच्या उंचीच्या वर जायचं नाही. (गोविंदांना सांगितलं तर हसतील.) २००४ ला ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये पहिली वर्ल्ड्स, म्हणजे ऑल-स्टारची जागतिक स्पर्धा, झाली आणि २०१९-२० च्या सीझनपासून वरच्या लेव्हलची फोड करून एकूण सात लेव्हल झाल्या. सुरक्षेच्या दृष्टीने हे सगळं योग्यच, माझी अजिबात तक्रार नाही, पण छताला डोकं लागलं की माणूस आडवा पसरतो, तसं झालं. वर जाता येत नाही, फेरे ठरावीकच, मग म्युझिकच्या त्याच आठ काउंटमध्ये एकाऐवजी तीन पोझिशन कोंबा, वर जायच्या एंट्रीलाच उलटंपालटं करा. एका मोठ्या जिमने एखादी नवी एंट्री काढली की वर्ल्ड्सचा व्हिडिओ बघून पुढच्या सीझनला सगळीकडे तीच.

आणि आता जजिंग. पूर्वी ज्याची कॉम्पिटिशन त्याची स्कोअरशीट, त्यामुळे एकच रूटीन एका शनिवारी पहिलं यायचं आणि पुढच्या शनिवारी पाचवं, आणि कोच लोक म्हणायचे की जजला आमचं म्युझिक आवडलं नाही म्हणून मारलं. म्हणून ग्रिड, म्हणजे मार्कांचे ठरीव तक्ते, आले. या लेव्हलला अमुक स्किल वरच्या दर्जाचं, ते टीममधल्या इतक्या ग्रुपनी (एक फ्लायर आणि तिला धरणाऱ्या बेस मिळून एक ग्रुप) एकदम केलं तर डिफिकल्टीचे इतके मार्क, मग एक्झिक्युशनचे वेगळे, क्रिएटिव्हिटीला थोडे, पडलं-झडलं की डिडक्शन. कागदावर एकदम न्याय्य. पण कोचने तो कागद हातात घेऊन रूटीन रचायला घेतलं की काय होणार? एका ग्रुपने जगावेगळं काहीतरी करण्यापेक्षा पाचही ग्रुपनी यादीतलं तेच स्किल एका ठेक्यावर करणं फायद्याचं. आणि वरच्या पट्ट्यात एकदा बसलात की त्याहून अवघड केल्याचं फारसं काही मिळत नाही, उलट पडण्याची रिस्क, मग कोण करेल? लोक ट्रेंडला शिव्या घालतात पण ट्रेंड हा बऱ्याचदा त्या तक्त्याचाच छापील नमुना असतो.

बरं, इतकं करून माणसाची नजर राहिलीच. पाच ग्रुप एकदम वर, स्टंटचा भाग जेमतेम अर्ध्या मिनिटाचा, जज समोर एका रांगेत. भाचीचा ग्रुप एकदा मागच्या कोपऱ्यात होता, टिक-टॉकनंतर फ्लायरचा पाय हातात नीट बसला नाही, भाचीने तो नाकापर्यंत घसरू दिला आणि परत वर ढकलला, स्टेडियममधल्या आयांनी सुद्धा 'हाय' केलं, पण डिडक्शन शून्य. ज्या टीमचा पुढचा ग्रुप नुसता हलला तिला मात्र बॉबल, म्हणजे डगमगल्याचं डिडक्शन, लागला आणि ती खाली गेली. भाचीची टीम जिंकली, आणि तिला त्या मेडलचा फोटोसुद्धा टाकावासा वाटला नाही. आपली हंडी या बाबतीत बरी, किती थर लागले ते रस्त्यावरचं पोरगंही मोजतं.

हे सगळं एवढं का झोंबतं, तर त्यात पैसा आहे. वर्ल्ड्सला जायला सीझनमधल्या कॉम्पिटिशनमधून बिड, म्हणजे प्रवेशाचं आमंत्रण, मिळवावी लागते आणि पेड बिड मिळाली तर खर्च आयोजक उचलतो, नाहीतर विमान, हॉटेल, सगळं आईबापांच्या कार्डावर. पॉइंटच्या दशांशावर हजारो डॉलर इकडचे तिकडे होतात. त्यात वर्सिटीने २००४ ला एनसीए घेतली, २०१५ ला जॅम ब्रँड्स ही स्पर्धा भरवणारी दुसरी कंपनी घेतली, एकेक प्रतिस्पर्धी पोटात घेत गेली. मक्तेदारीच्या आरोपावरून जिममालक आणि पालक कोर्टात गेले, २०२३ मध्ये ४ कोटी ३५ लाख डॉलर आणि २०२४ मध्ये दुसऱ्या केसमध्ये ८ कोटी २५ लाख डॉलर देऊन कंपनीने तडजोड केली. त्या केस स्कोअरिंगवरच्या नव्हत्या, पैशांवरच्या होत्या, पण कॉम्पिटिशन भरवणारा, नियम करणाऱ्या संघटनेला उभं करणारा आणि जजला मानधन देणारा एकाच घरातला असेल तर हरलेल्याच्या मनात शंका येणारच, ती खरी असो वा नसो.

यावर एक वेगळाच तोडगा बाजूने निघालाय. २०१० मध्ये कनेक्टिकटच्या फेडरल कोर्टाने क्विनिपियाक युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये सांगितलं की कॉम्पिटिटिव्ह चिअर अजून नीट बांधलेला खेळ नाही, मुलामुलींना समान संधी देण्याच्या कायद्याखाली कॉलेजला त्याला मुलींचा खेळ म्हणून मोजता येणार नाही. मग स्टंट नावाचाच नवा खेळ उभा राहिला: दोन टीम शेजारी शेजारी, दोघींना तोच ठरवून दिलेला सीक्वेन्स एकाच वेळी, जिचा चांगला तिला पॉइंट, चार क्वार्टर, आणि बोर्डावर स्कोअर सगळ्यांना दिसतो. २०२३ मध्ये एनसीएएने (ही कॉलेजच्या खेळांची संघटना, वरची एनसीए नव्हे) त्याला मुलींच्या उभरत्या खेळांच्या यादीत घेतलं. मी मोठ्या उत्साहाने भाचीला सांगितलं, की बघ, तुझ्या जजिंगच्या कटकटीवर उत्तर आहे, कॉलेजला गेलीस की हेच खेळ.

तिने दोन सेकंद विचार केला. "पण मावशी, त्यात तर ऑफिशियलीच सगळे सेम करतात."