वही शेजाऱ्याच्या हाती: परस्पर तपासणीची पार्श्वभूमी

निबंधाची वही शिक्षकानेच तपासायची, तीही लाल शाईने, ही समजूत खोल मुरलेली आहे. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे खर्डे वाचून सुधारावेत म्हटले की ही परस्पर तपासणी अनेकांना शिक्षकाची पळवाट वाटते. हा तिच्यावर अन्याय आहे.

मुलांकडून मुलांना शिकवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये गाजली ती मद्रासमुळे. १७८९मध्ये तिथल्या अनाथ मुलांच्या शाळेची सूत्रे स्कॉटिश धर्मोपदेशक अँड्र्यू बेल यांच्याकडे आली. स्थानिक शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली आणि आपल्या शाळेत मुलांनाच शिकवायला उभे केले. १७९७मध्ये लंडनमध्ये त्यांचा अहवाल निघाला. मात्र त्या वर्गांत भर घोकून घेण्यावर होता. सोबत्याचे लेखन वाचून त्यावर मत देणे फार पुढचे.

मग लेखन सुधारायचे कशाने, व्याकरणाचे नियम शिकवून? हा वाद पेटला १९६३मध्ये. अमेरिकन अभ्यासक रिचर्ड ब्रॅडॉक आणि दोन सहकाऱ्यांनी लेखनाविषयीचे संशोधन पडताळून सांगितले की, सुटे व्याकरण शिकवल्याने लेखन फारसे सुधारत नाही. उलट लिहिण्याचा वेळ त्यात जातो, म्हणून नुकसानही होऊ शकते. हा निष्कर्ष पुढे अर्धवट वाचला गेला, असे मला वाटते. त्यांचा रोख लेखनापासून तोडलेल्या नियमांवर होता. ‘व्याकरणच नको’ हा त्याचा अर्थ नव्हे. १९७३मध्ये फ्रँक ओहेअर यांनी सातवीच्या मुलांकडून वाक्ये जोडून घेतली. ‘पाऊस थांबला. मुले बाहेर आली. मैदानात चिखल होता.’ अशी तुटक वाक्ये घ्यायची आणि ‘पाऊस थांबताच मुले चिखलाने भरलेल्या मैदानात आली’ असे एक घडवायचे. व्याख्या पाठ न करता वाक्यरचना हातात बसते. २००७च्या ग्रॅहम आणि पेरिन यांच्या पाहणीतही वाक्यजोडणीचा परिणाम चांगला दिसला, सुट्या व्याकरणाचा उणे.

त्याच १९७३मध्ये पीटर एल्बो यांनी शिक्षकाविना चालणारा लेखनवर्ग मांडला. वाचणाऱ्याने निवाडा द्यायचा नाही, वाचताना मनात काय झाले ते सांगायचे. ‘इथे मी अडखळलो’ एवढे ऐकले तरी लिहिणारा ते वाक्य पुन्हा बघतो.

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक विद्यापीठाने १९७०मध्ये शहरातल्या सर्व शालान्त विद्यार्थ्यांना दारे उघडली. लेखनाची तयारी नसलेली हजारो मुले आली. ब्रुकलिन कॉलेजचे केनेथ ब्रफी यांनी नोंदवले आहे की, पदव्युत्तर विद्यार्थी आणि व्यावसायिक मार्गदर्शकांमार्फत देऊ केलेली मदत या मुलांनी नाकारली. सोबत्यांकडून मात्र ती घेतली.

२००९मध्ये लुंडस्ट्रॉम आणि बेकर यांनी दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या ९१ जणांवर प्रयोग केला. एका गटाने नमुना निबंधांवर फक्त अभिप्राय द्यायचे, दुसऱ्याने आलेले अभिप्राय वापरून निबंध सुधारायचे. सत्राअखेर स्वतःच्या लेखनात जास्त पुढे गेला तो अभिप्राय देणारा गट, आणि त्यातही खालच्या पातळीवरचे विद्यार्थी.