मानवी हक्क आणि देशाचा दीर्घकालीन विकास

माणूस म्हणून जन्माला आलो एवढ्यावरच जे मिळायला हवं ते मानवी हक्क, सरकारने खूश होऊन दिलेलं बक्षीस नाही. बोलणं, शिकणं, न्याय मागणं, पोटभर खायला मिळणं, सगळं त्यात येतं. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये ३० कलमांचा जाहीरनामा मंजूर केला, ४८ देश बाजूने, ८ तटस्थ, विरोधात एकही नाही. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघेल असे शब्द होते, ते बदलून 'सर्व माणसं' करायला भारताच्या हंसा मेहतांनी लावून धरलं.

आधी पोट भरू दे, हक्कांचं नंतर बघू, असं बरेच जण म्हणतात. पण चीनमध्ये १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात काय झालं ते बघा. वरच्यांना खूश करायला खालचे अधिकारी पीक फुगवून सांगायचे, त्या खोट्या आकड्यांवरच सरकार धान्य उचलायचं, गावात खायला उरायचं नाही आणि खरं बोलेल त्याच्यावर कारवाई, त्यामुळे खरी परिस्थिती वर वेळेवर पोचली नाही आणि कोट्यवधी माणसं गेली. अमर्त्य सेन यांचं म्हणणं हेच आहे की जिथे निवडणुका होतात आणि पेपर मोकळेपणाने छापतात तिथे एवढा मोठा दुष्काळ पडत नाही, कारण सरकारला उत्तर द्यावं लागतं. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच.

दक्षिण कोरियाचं उदाहरण उलट बाजूने देतात, लष्करी राजवटीत तो देश झपाट्याने वाढला हे खरंच आहे. पण त्याआधी कुळांना जमिनी मिळाल्या होत्या, प्राथमिक शाळा सगळीकडे पोचत होत्या, म्हणजे काही हक्क आधीच हातात होते, आणि १९८७ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून थेट राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्कही मिळवला.

१९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी विकास हाच एक हक्क मानला, अमेरिकेने एकटीने विरोधात मत दिलं. त्यात विकासाच्या केंद्रस्थानी माणूस ठेवलाय आणि निर्णयात लोकांचा सहभाग हवा असं म्हटलंय. प्रत्यक्षात धरणाखाली गाव जातं तेव्हा भरपाई बहुतेक वेळा ज्याचं नाव जमिनीच्या कागदावर त्यालाच मिळते, त्याच शेतात राबणारी मजूर बाई आणि नदीवर जगणारा मासेमार अनेकदा हिशोबात धरलेच जात नाहीत.