सार्वजनिक तलावावरचं बारमाही मनोरंजन

सार्वजनिक तलाव म्हणजे ज्याच्या काठावर कुणीही जाऊ शकतं, फार तर गेटवर थोडी फी भरावी लागते. तलाव म्हटलं की डोळ्यासमोर उन्हाळा येतो, पण थंड प्रदेशात तिथली गर्दी वर्षभर असते, फक्त माणसं आणि सामान बदलतं. उन्हाळ्यात पोहणारे आणि कयाकवाले, पानगळीत गळ टाकणारे आणि दुर्बीणवाले पक्षीवेडे, हिवाळ्यात चक्क त्याच पाण्यावर स्केटिंग.

हे जमतं कारण पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. ते तळाशी बसतं, त्याहून गार पाणी वर राहून गोठतं, आणि खाली मासे आरामात जगतात. म्हणून तर आइस फिशिंग होतं: ऑगरने, म्हणजे बर्फ पोखरायच्या मोठ्या गिरमिटाने, बर्फात वीतभर भोक पाडायचं, बादली उलटी घालून त्यावर बसायचं, हातात आखूड रॉड, आणि भोकावर परत परत बर्फाची साय धरते ती झाऱ्यासारख्या चमच्याने काढत राहायची. मधेच पायाखालचा बर्फ गडगडतो, नवख्याची पार तंतरते, पण तापमान बदललं की बर्फ आकसतो-पसरतो त्याचाही तो आवाज असतो. आवाजापेक्षा जाडी मोजावी. चालायला निदान १० सेंमी स्वच्छ, नितळ बर्फ हवा असं सांगतात, पांढरा बर्फ त्याच्या साधारण निम्माच मजबूत, आणि ओढा जिथे तलावात येतो तिथला बर्फ तर कायम बेभरवशाचा.

माझ्या मते सगळ्यात फसवा सीझन मात्र वसंत. वर छान ऊन, लोक टीशर्टवर, पण पाणी हवेपेक्षा खूप सावकाश तापतं त्यामुळे ते अजून बर्फाळच असतं. त्यात अचानक पडलं की आपोआप मोठा श्वास ओढला जातो, नेमकं तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. लाइफ जॅकेट सीटखाली ठेवून उपयोग नाही, अंगात हवं, पाण्यात पडल्यावर ते घालणं महाकठीण.

उन्हाळ्याच्या शेवटी काही तलावांवर हिरवा रंग सांडल्यासारखी सायनोबॅक्टेरियाची, म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंची, साय येते, ती विषारी असू शकते, त्यामुळे अशा वेळी पोहणं बंद, कुत्र्यालाही पाण्यात सोडू नये. पुढे पानगळीत वरचं पाणी गार होऊन खाली जातं, आख्खा तलाव ढवळून निघतो, मासे विखुरतात आणि गळवाले दिवसभर बसून रिकाम्या हाताने घरी जातात.