मॉरी विल्सचे १९६३ चे कार्ड : पार्श्वभूमी

अमेरिकन बेसबॉलपटू मॉरी विल्सच्या, फ्लीअर कंपनीने १९६३ साली छापलेल्या चित्रकार्डाला संग्राहक त्याचे ‘रुकी कार्ड’, म्हणजे नवख्या खेळाडूचे कार्ड, म्हणतात. ते छापले गेले तेव्हा लॉस एंजेलिस डॉजर्सच्या या शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) तिशी ओलांडली होती, त्याच्या मुख्य लीगमधल्या पदार्पणाला जवळपास चार वर्षे होत आली होती आणि आदल्याच हंगामात १०४ बेस चोरून (म्हणजे फटका न बसताच धावत पुढचा बेस गाठून), १९१५ पासून टिकलेला ९६ चा विक्रम मोडून, तो नॅशनल लीगचा (दोन मुख्य लीगपैकी एकीचा) सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला होता.

त्याआधीची आठ वर्षांहून अधिक कारकीर्द मायनर लीगमध्ये, म्हणजे दुय्यम स्पर्धांत, गेली. १९५९ च्या वसंतात डेट्रॉइटच्या संघाने त्याला अजमावले आणि परत पाठवले. जूनमध्ये डॉजर्सनी बोलावून घेतले. कार्डांच्या बाजारावर तेव्हा टॉप्स या एकाच कंपनीची पकड होती आणि ती होतकरू खेळाडूंना पाच डॉलर देऊन करारबद्ध करीत असे. विल्स वरपर्यंत पोहोचणार नाही, असे समजून तिने त्याला वगळले. पुढे तो गाजू लागल्यावर कंपनी त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने नकार दिला, आणि तो नकार त्याला शोभणाराच होता. फ्लीअर या प्रतिस्पर्धी कंपनीने १९६३ मध्ये ६६ खेळाडूंचा संच काढला, त्यात तो होता. च्युइंगमसोबत कार्डे विकण्याचा हक्क टॉप्सकडे असल्यामुळे पाकिटात बिस्किट घालावे लागले. तरीही प्रकरण न्यायालयात गेले आणि संच तिथेच थांबला.

खरा गुंता ‘रुकी’ या शब्दाचा आहे. मैदानावर रुकी म्हणजे पहिल्या हंगामाचा खेळाडू. संग्राहकांच्या व्यवहारात मात्र रुकी कार्ड म्हणजे देशभर विकल्या गेलेल्या संचातील त्या खेळाडूचे पहिले कार्ड. दुसरी व्याख्या लावली तर फ्लीअरचा दावा पक्का ठरतो. पण त्या कार्डाच्या आधीच लॉस एंजेलिस परिसरात बटाट्याच्या चिप्सच्या पाकिटांतून विल्सची कार्डे निघाली होती, आणि केवळ ती एका भागापुरती होती म्हणून त्यांना गणतीतून वगळणे सर्वांना मान्य नाही. प्रस्तुत लेखकाला ती ‘पहिली कार्डे’ म्हणून नोंदवणे अधिक प्रामाणिक वाटते. फ्लीअर कार्डाचे मोल त्याने कमी होत नाही, कारण ते विक्रमाच्या लगेच नंतरचे आहे.

ज्या कंपनीने त्याला वगळले होते, तिच्या संचात विल्स १९६७ मध्ये प्रथम आला, तोही पिट्सबर्ग संघाच्या गणवेशात. कारकिर्दीअखेर त्याच्या नावावर ५८६ चोरलेले बेस होते. १९७४ मध्ये १०४ चा विक्रम ११८ ने मागे पडला, आणि २०२२ मध्ये त्याचे निधन झाले तोवर हॉल ऑफ फेमने (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनाने) त्याला प्रवेश दिला नव्हता. १९७५ मध्ये त्याच कंपनीने सर्वांत मौल्यवान खेळाडूंची जुनी कार्डे पुन्हा छापली. विल्सचे १९६२ चे कार्ड तिच्याकडे नव्हतेच, म्हणून ते नव्याने बनवून घेतले गेले. १९६२ च्या एकाही पाकिटात ते कधी निघाले नव्हते.